मीटिंग चालू असताना वायर लावली आणि बोलणे तुटले : घरातल्या नेटच्या दोन वाटांविषयी

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

नेट मंद चालते, बोलता बोलता आवाज तुटतो, समोरच्याचे चित्र गोठते, अशा तक्रारी आपल्या वाचकपत्रांत अधूनमधून येतात आणि त्यांतील बहुतेकांचा रोख जोडणी देणाऱ्या कंपनीवर असतो. तो पुष्कळदा रास्तही असतो. परंतु दूरध्वनी खात्यात चौतीस वर्षे तांब्याच्या जोड्या जोडण्यात आणि त्यांतले दोष शोधण्यात घालवलेला माणूस म्हणून मला वाटते, की खांबापासून दारापर्यंत शोध घेऊन झाला की तो दाराच्या आतही घेतला पाहिजे. आज घरातल्या लॅपटॉपला नेट दोन वाटांनी मिळते, वायरने आणि वाय-फायने. दोन्ही वाटा खुल्या असल्या की कोणत्या वाटेने जायचे हे लॅपटॉप आपले आपण ठरवतो आणि वाट बदलतानाही कोणाला विचारत नाही. त्यामुळे घरात बसून नोकरी करणाऱ्यांचे आणि मुलाखती देणाऱ्यांचे होणारे नुकसान मी माझ्या घरात पाहिले आहे. ते टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. फायबरची तार जिन्यातून येते, म्हणून राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटावर बसवलेला आहे. सून ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेबतपासणीच्या विभागात आहे आणि आठवड्यातले दोन दिवस मागच्या खोलीतून काम करते. राउटर आणि ती खोली यांच्यामध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट येते. गेल्या पावसाळ्यात तिची पदोन्नतीसाठीची मुलाखत ऑफिसच्याच लॅपटॉपवर व्हायची होती. समोर तीन अधिकारी होते. पाच-सात मिनिटांतच आवाज तुटू लागला. तिचा चेहरा मला दारातून दिसत होता. प्रत्येक प्रश्न ती पुढे वाकून ऐकत होती आणि "सर, परत सांगाल का?" असे दोनदा म्हणाली. मी पंधरा मीटरची लॅन वायर भिंतीच्या कडेने त्या खोलीपर्यंत आधीच ओढून ठेवलेली होती. मदत म्हणून मी वाकून ती लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत बसवली. टक्‌ असा आवाज आला, खाचेजवळचा हिरवा दिवा लागला, आणि त्याच क्षणी पडद्यावरचे तिन्ही चेहरे थिजले. पुन्हा जोडणी लागेपर्यंत मिनिटभर तरी गेले असेल. ऑफिसच्या जाळ्यात शिरण्याचा जो बंदिस्त मार्ग असतो, ज्याला व्हीपीएन म्हणतात, तोही तुटला होता आणि पुन्हा पासवर्ड मागत होता. समोरच्यांनी समजून घेतले, प्रश्न पुन्हा विचारला. तरी तिचा जो सूर लागला होता तो परत लागला नाही. "बाबा, तुम्ही चांगल्यासाठीच लावलीत," असे ती नंतर म्हणाली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण जी वस्तू जोडण्यात माझा जन्म गेला तीच जोडताना मी तिचे बोलणे तोडले होते.

हे का झाले, याचा मी पुढचे काही दिवस पिच्छा पुरवला. कारण मुळात साधे आहे. लॅपटॉपमधला वायरचा भाग आणि वाय-फायचा भाग ही दोन वेगळी यंत्रे आहेत, प्रत्येकाला कारखान्यातून मिळालेला स्वतःचा ४८ बिटांचा क्रमांक असतो, आणि राउटर त्या दोघांना दोन वेगळे पत्ते देतो. चालू असलेले बोलणे त्यांतल्या एका पत्त्याशी बांधलेले असते. नेटवरच्या बहुतेक कामांचा जुना कणा असलेल्या टीसीपी या पद्धतीत प्रत्येक जोडणी चार आकड्यांनी ओळखली जाते, इकडचा पत्ता आणि दार (म्हणजे पोर्टचा क्रमांक), तिकडचा पत्ता आणि दार. त्यातला इकडचा पत्ता बदलला की ती जोडणी संपली आणि नवी बांधावी लागते. फोनवर बोलत असताना कोणी आपला नंबरच बदलून टाकावा, तसे हे आहे. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या पद्धतीत प्रत्येक जोडणीला पत्त्याहून निराळी ओळख देण्याची सोय केली आहे आणि त्यामुळे पत्ता बदलला तरी बोलणे पुढे चालू राहू शकते. पण सगळी अॅप्स आणि सगळ्या ऑफिसांची व्हीपीएन तिथवर पोचलेली नाहीत.

नुसती वायर लावल्याने एरवी एवढे झाले नसते, हेही इथे सांगितले पाहिजे. वाय-फाय जोडलेले असताना वायर लावली तर विंडोज सहसा वाय-फाय लगेच सोडत नाही. जुनी बोलणी जुन्या वाटेने चालू राहतात आणि नवी कामे नव्या वाटेने जातात. सुनेच्या लॅपटॉपमध्ये मात्र, कंपन्यांसाठी बनवलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये असते तशी, वायरचा दिवा लागताच वाय-फाय आपोआप बंद करण्याची सोय बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ आज्ञावलीतच, चालू केलेली होती. एका यंत्राने एकाच वेळी दोन जाळ्यांत पाय ठेवू नये, ऑफिसचे जाळे आणि बाहेरचे जाळे यांच्यात नकळत पूल होऊ नये, असा त्यामागचा हेतू असतो आणि तो योग्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की लॅपटॉप हातात देताना ही गोष्ट कर्मचाऱ्याला एका ओळीत सांगितलेली असती तर त्या दिवशी मी वायरला हात लावला नसता. ऐरोली, महापे, घणसोली या पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणारी किती तरी माणसे ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत आपल्या घरी बसून हेच लॅपटॉप वापरत आहेत. त्यांच्या संगणक विभागांनी कर्मचाऱ्यांना अशी एक सूचना पाठवावी, ही माझी पहिली विनंती आहे.

दुसरा प्रकार माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर घडला आणि तो याच्या अगदी उलट आहे. या प्रसंगानंतर मी ठरवले, की निदान मी तरी वायरवरच काम करायचे. वायर लावली, दिवा लागला, मी निश्चिंत झालो. तरीही नातवाशी व्हिडिओवर बोलताना चित्र पूर्वीसारखेच अडखळत होते. म्हणून एके दिवशी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून बसलो. त्यात वायरचा एक आणि वाय-फायचा एक असे दोन आलेख शेजारी शेजारी दिसतात. मी एक मोठी फाइल उतरवायला लावली. वाय-फायची रेघ उड्या मारत होती आणि वायरची रेघ तळाशी सरळ पडलेली होती. म्हणजे आठवडाभर वायर लावून मी वाय-फायवरच बोलत होतो. पडद्याच्या कोपऱ्यात नेटचे चिन्ह एकच असते, आणि त्या एका चिन्हावरून दोन वाटांचा हिशेब कळत नाही.

विंडोज १० पासून प्रत्येक वाटेला तिच्या जोडणीच्या वेगावरून एक अंक दिला जातो. त्याला मेट्रिक म्हणतात, आणि अंक जितका लहान तितकी ती वाट पसंतीची. वायर १ गिगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटच्या, वेगाने जोडलेली असेल तर तिचा अंक २५ असतो. वाय-फाय ५०० मेगाबिटपासून २ गिगाबिटपर्यंतच्या वेगाने जोडलेले असेल तर त्याचा अंक ३० असतो. म्हणजे सर्व ठीक असेल तेव्हा वायरच पुढे असते. परंतु तीच वायर काही कारणाने १०० मेगाबिटवर उतरली तर तिचा अंक ३५ होतो आणि वाय-फाय तिच्या पुढे जाते. माझ्या टेबलावर, जे राउटरच्या जवळ आहे, वाय-फाय ८६६ मेगाबिट दाखवत होते. वायर किती दाखवते ते सेटिंगमध्ये पाहिले तर १०० मेगाबिट. वाय-फाय बंद करून वेग मोजला तर ९४ च्या वर काटा चढेना. १०० मेगाबिटच्या वायरवर हाती लागणारा वेग एवढाच असतो. आमची जोडणी २०० ची आहे, म्हणजे अडकण बाहेर नव्हती, माझ्या वायरमध्ये होती.

वायर खालच्या वेगावर का उतरली, याचे उत्तर मला वायरच्या टोकाला मिळाले. लॅन वायरीत चार जोड्या असतात, आठ तारा, नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी, प्रत्येक रंगाबरोबर त्याचीच पांढरट जोडीदार. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. यामुळे उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक तार तुटली तरी दिवा लागतो, नेट चालते, आणि बहुतेक यंत्रे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात. भिंग घेऊन मी ते पारदर्शक टोक खिडकीशी धरले. सात तारांची टोके पुढच्या भिंतीला भिडलेली दिसत होती आणि आठवी, तपकिरी, त्यांच्यापेक्षा जवाभर मागे राहिली होती. पितळी पाते तिच्यावर न बसता तिच्या पुढच्या रिकाम्या जागेत बसले होते. मी टोक कापले आणि त्या तारेवरून ब्लेड फिरवले, तेव्हा लालसर मुलाम्याखाली पांढरा धातू दिसला. तांबे म्हणून घेतलेली ती वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची होती. अॅल्युमिनियम विजेला तांब्यापेक्षा अधिक अडवते आणि दोनचारदा वाकवले की मोडते. ज्या दुकानातून ती घेतली तिथे तयार टोके लावलेल्या वायरींचा ढीग होता आणि कोणत्याही पाकिटावर आत कोणता धातू आहे हे लिहिलेले नव्हते. संपूर्ण तांब्याची, कॅट-६ (ही लॅन वायरीची एक प्रतवारी) लिहिलेली वायर थोडी महाग पडते, पण ती एकदाच घ्यावी लागते, आणि दुकानदाराला "तांब्याची आहे ना?" हा प्रश्न मोठ्याने विचारायला संकोच करू नये.

माझ्या पिढीच्या लाइनमनला या वायरीत काही परके वाटत नाही. दोन तारा एकमेकींभोवती पीळ देऊन नेल्या की बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो आणि टोकाला दोघींतला फरक घेतला की तो वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याचे पेटंट १८८१ मध्ये घेतले होते. आम्ही शिकाऊ असताना जोडीचा पीळ गरजेपेक्षा जास्त सोडला तर वरिष्ठ हातावर फटका देत, आणि आजही लॅन वायरीचे टोक बसवताना अर्ध्या इंचाहून अधिक पीळ सोडू नये असाच नियम आहे. लॅन वायरीवर चालणाऱ्या या पद्धतीची, म्हणजे इथरनेटची, कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात टिपणाच्या रूपाने मांडली. सगळी पोकळी ज्या ईथरने भरली आहे असे जुने शास्त्रज्ञ मानत, त्याचे नाव त्यांनी आपल्या तारेच्या जाळ्याला दिले. त्यांच्यासमोर हवाई बेटांवरच्या अलोहा या रेडिओच्या जाळ्याचे उदाहरण होते, म्हणजे बिनतारी कल्पनेतूनच तारेचे जाळे जन्माला आले. पुढे १९९० मध्ये ते टेलिफोनसारख्या पिळाच्या जोड्यांवर चालू लागले. वाय-फायचे मूळ प्रमाण १९९७ चे, आणि तेव्हा त्याचा वेग २ मेगाबिट होता. तिथून ते आज जिथे आले आहे ते थक्क करणारे आहे, आणि वाय-फायला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. घरभर मोबाइल घेऊन फिरणाऱ्यांना वायर बांधून ठेवता येणार नाही.

प्रश्न येतो तो वेग आणि स्थैर्य या दोन गोष्टी एकच समजल्या जातात तेव्हा. लॅपटॉप वाटेचा अंक ठरवतो तो वेगावरून. माणसांच्या बोलण्याला मात्र वेग थोडासाच लागतो, व्हिडिओच्या मीटिंगला काही मेगाबिट पुरतात. तिला लागते ती प्रत्येक तुकडा वेळेवर पोचण्याची खात्री. वाय-फायवर एका वेळी एकालाच बोलता येते, बाकीच्यांनी थांबायचे, आणि त्या हवेत शेजारीही बोलत असतात. माझ्या हॉलमध्ये मी लॅपटॉपवर यादी उघडली तेव्हा आमच्या आणि समोरच्या इमारतीतली मिळून २३ नावे दिसली. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरले जातात, १, ६ आणि ११, आणि त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मार्ग अधिक आहेत पण त्या लहरी भिंतीपलीकडे लवकर दमतात, आणि आमच्याकडच्या भिंती सळयांच्या काँक्रीटच्या आहेत. वाय-फायने लॅपटॉपला सांगितलेला ८६६ हा जोडणीचा वेग आहे, प्रत्यक्ष हाती लागणारा त्याहून पुष्कळच कमी असतो. याउलट वायरीत जाणे आणि येणे दोन्ही एकाच वेळी चालते, शेजाऱ्याचा तिथे संबंध नसतो. म्हणून ९४ मेगाबिटची सरळ वायर बोलण्यासाठी ८६६ दाखवणाऱ्या वाय-फायपेक्षा मला अधिक विश्वासाची वाटते. लॅपटॉपला हे कळत नाही, त्याला आकडा कळतो.

मी आता काय करतो ते सांगतो, कदाचित कोणाच्या उपयोगी पडेल. महत्त्वाची मीटिंग असेल तर दहा मिनिटे आधी वायर लावून, वाय-फाय स्वतःच्या हाताने बंद करून, सेटिंगमध्ये वायरचा वेग १०००/१००० दिसतो आहे याची खात्री करून मगच सून जोडणी लावते. मीटिंग सुरू झाली की वायर लावायची नाही आणि काढायचीही नाही, मग आवाज थोडा तुटला तरी चालेल. माझ्या लॅपटॉपवर मी वायरचा अंक हाताने १० करून ठेवला आहे, त्यामुळे ती उतरली तरी तीच पुढे राहते. विंडोजमध्ये त्यासाठी वायरच्या जोडणीचे गुणधर्म उघडून आयपीव्ही४ या पत्त्यांच्या पद्धतीच्या प्रगत खिडकीत अंक आपोआप ठरवण्याची खूण काढून आपला अंक लिहावा लागतो, आणि आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर तिथेही तेच करावे लागते. अॅपलच्या यंत्रांत यासाठी सेवांचा क्रम लावायची सोय आहे, ती पाहून मला खरोखर बरे वाटले, कारण तिथे वायरचे नाव बोटाने वर ओढले की काम झाले. लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर वायरला मुळातच १०० आणि वाय-फायला ६०० असा अंक देतो, म्हणजे वायर असेल तर वायरच. तिन्हींत लिनक्सचा निर्णय मला सर्वांत समंजस वाटतो.

वीज जाते तेव्हा या दोन्ही वाटा एकदमच संपतात, कारण लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटरला नसते. आमच्याकडे आता राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा बॅटरी-संच आहे आणि तो दीड तास सहज काढतो. तोही संपला तर मोबाइल यूएसबीच्या तारेने जोडायचा. लॅपटॉप त्यालाही वायरच समजतो, तेव्हा वीज परत आल्यावर मोबाइल काढायला विसरलो तर तिसरी वाट तयार होते आणि मोबाइलचा डेटा संपत राहतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आता लॅपटॉप बनवणाऱ्यांविषयी. २००८ मध्ये अॅपलने एक अतिशय पातळ लॅपटॉप आणला आणि त्यात वायरीची खाच ठेवली नाही. त्यानंतर पातळपणाच्या ओढीने इतरांनीही ती काढत नेली, आणि आज दुकानात गेलात तर घरगुती वापराच्या बऱ्याच लॅपटॉपना ती नसते. मग यूएसबीचा जोड घ्यावा लागतो, आणि इथे पुन्हा तीच अडचण. स्वस्त जोडांपैकी अनेक जोड १०० मेगाबिटचेच असतात आणि गिगाबिटचा जोड जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावला तर त्या खाचेची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिटची. जोडाच्या खोक्यावर "इंटरनेट अॅडॉप्टर" एवढेच मोठ्या अक्षरांत असते आणि वेग मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. तो आकडा पुढच्या बाजूला छापण्याची सक्ती व्हावी. विजेच्या उपकरणांवर तारांकन पुढे लावण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे, ग्राहकाला ती वाचता येते, तेव्हा हेही त्याला वाचता येईल.

माझी मुख्य मागणी मात्र घरांविषयी आहे, आणि ती आपल्या ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांसमोर याच वेळी मांडण्याचे कारण आहे. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, तसेच वाशी आणि नेरूळमधल्या सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारती, इथे पुनर्विकासाची बोलणी घरोघर चालू आहेत. घोडबंदर रस्त्यावर, उलव्यात, खारघरमध्ये नव्या इमारती उभ्या राहतच आहेत. मी आमच्या ओळखीच्या तीन सोसायट्यांचे विकासकांशी झालेले करार वाचायला मागितले आणि वाचले. त्यात फरशीचा आकार आहे, नळांचा दर्जा आहे, खिडक्यांच्या काचेची जाडी आहे, स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड कोणता ते आहे. टीव्हीच्या तारेसाठी एक नळी आहे. नेटच्या वायरीसाठी दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत वेगळी नळी एकाही करारात नाही. भिंत बांधताना ही नळी टाकायला फारसा खर्च नाही, आणि भिंत बांधून झाल्यावर तीच टाकायची तर आयुष्यभराची बचत घातलेल्या घराची भिंत फोडावी लागते, नाहीतर आमच्यासारखी वायर पायांत लोळते आणि दाराच्या फटीत चेपून तिची एक तार जाते.

ही नळी विजेच्या नळीहून निराळीच हवी, हे मी आग्रहाने सांगेन. एकाच नळीत २३० व्होल्टची तार आणि लॅन वायर नेणे जिवाला धोक्याचे आहे, शिवाय नेटमध्ये अडथळा येऊ शकतो तो वेगळाच. दारापाशी राउटरसाठी एक छोटी पेटी, त्यात विजेचे एक सॉकेट, आणि तिथून प्रत्येक झोपण्याच्या आणि अभ्यासाच्या खोलीत टेबलाच्या उंचीवर एक आरजे-४५ चा, म्हणजे लॅन वायरीचे टोक बसेल असा, सॉकेट, एवढेच हवे. लॅन वायर १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते आणि कितीही मोठी सदनिका असली तरी आतली वायर तेवढी होत नाही. या सॉकेटांचा दुसराही लाभ आहे. मागच्या खोलीत वायरने दुसरे वाय-फायचे केंद्र बसवता येते आणि मग वाय-फायसुद्धा घरभर सारखे मिळते. म्हणजे ज्यांना वायर नको आहे त्यांनाही भिंतीतली वायर उपयोगी पडते.

इमारतीच्या बाहेरून मात्र तांब्याची वायर नेऊ नये. वीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडे केबलवाले गच्चीगच्चीवरून लॅन वायरी टाकून नेट देत, तेव्हा पहिल्या गडगडाटी पावसात कित्येकांच्या संगणकांची वायरीची खाच जळलेली मी पाहिली आहे. आता इमारतीपर्यंत फायबर येते, त्या काचेच्या धाग्यातून वीज धावत नाही, आणि तांब्याचे काम घराच्या आतच उरते. ही चांगली गोष्ट झाली आहे.

नियमांची बाजूही पूर्ण रिकामी नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत माहिती आणि दळणवळणाच्या यंत्रणांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याची नियमावली काढली आहे. ते मानांकन विकासकाने स्वेच्छेने घ्यायचे आहे. ग्राहकाने विचारले तरच तो ते घेईल. घर बघायला जाणारे पोहण्याच्या तलावाबद्दल विचारतात, व्यायामशाळेबद्दल विचारतात, त्यांनी अभ्यासाच्या खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवून "इथे नेटचा सॉकेट आहे का?" हेही विचारावे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी बांधकामाचे नकाशे मंजूर करताना या नळीची नोंद मागावी, आणि आपल्या अभ्यासिकांमध्ये टेबलापाशी वायरीचे सॉकेट द्यावेत, जेणेकरून ज्या मुलाच्या घरी धड वाय-फाय पोचत नाही त्याला ऑनलाइन मुलाखत देण्यासाठी एक भरवशाची जागा मिळेल.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा मसुदा सध्या वकिलांकडे आहे. विजेच्या कामाच्या परिशिष्टात घालण्यासाठी मी पाच ओळींचे एक कलम मराठीत लिहून सचिवांना दिले आहे. त्यात स्वतंत्र नळी, संपूर्ण तांब्याची कॅट-६ वायर, प्रत्येक खोलीत एक सॉकेट, आणि ताबा देण्यापूर्वी प्रत्येक सॉकेटवर आठही तारा तपासून १ गिगाबिटची जोडणी लागल्याची सही, एवढ्या गोष्टी आहेत. शेवटच्या तपासणीवर विकासकाच्या अभियंत्याने जरा कुरकुर केली, पण तपासणीचे यंत्र मी स्वतः नेऊन लावून देईन असे मी त्यांना सांगितले आहे. आपल्या वास्तुविषयक पुरवणीत या कलमाचा नमुना छापण्याची आपली तयारी असेल तर त्याची प्रत मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी
नौपाडा, ठाणे (पश्चिम)